‘गुप्त मंडळी धर्म बुडवतायत’ हे ढकलपत्र: खरं किती, खोटं किती?

दाभोळखाडी

गणपती जवळ आले, चाकरमानी यायला लागतील, आणि गावोगावच्या ग्रुपांवर एक जुनं ढकलपत्र पुन्हा फिरतंय. वर त्रिकोणात डोळा, खाली मजकूर: १७७६ साली ‘इल्युमिनाटी’ नावाची गुप्त संघटना निघाली, तिनेच फ्रान्सची राज्यक्रांती घडवली, फ्रीमेसन (दीक्षा घेऊन सभासद होणाऱ्यांची एक जुनी बंधुसंघटना) हे तिचे हस्तक. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, संततिनियमन, आंतरजातीय लग्नं हे सगळं धर्म पोखरण्यासाठी याच मंडळींनी आपल्याकडे आणलं म्हणे. पुरावे दोन, डॉलरच्या नोटेवरचा डोळा आणि बारकोडमधला ६६६ (बायबलात सैतानी पशूचा म्हणून सांगितलेला आकडा). शेवटी काही धनाढ्य ज्यू घराण्यांची नावं.

‘काहीतरीच’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण वाचणारा शोधायला गेला की त्याला १७७६ हे साल खरंच सापडतं. मग उरलेलंही खरं असणार असं त्याला वाटतं. जाणकारांनी नेमकं लिहावं. आरतीनंतर वाडीतल्या दहा माणसांसमोर सांगता येईल असं हवंय.

बाणकोटकर

साल खरं आहे, हे आधीच कबूल करा. तिथे अडलात तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

१ मे १७७६ रोजी जर्मनीतल्या बव्हेरियात, इंगोलश्टाट गावी, आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने ही मंडळी काढली. तो चर्चचा कायदा शिकवायचा. विद्यापीठावर जेझुइटांचं (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं) वजन, त्याला कंटाळून त्याने विवेकवादी विद्यार्थ्यांचं गुप्त मंडळ सुरू केलं. सभासदांना टोपणनावं असायची: वाइसहाउप्ट म्हणजे ‘स्पार्टाकस’, त्स्वाक म्हणजे ‘केटो’, क्निगे म्हणजे ‘फिलो’. पत्रांवर तारखा इराणी यझ्दगर्दी शकाच्या, म्हणजे आपल्या पारशांकडे चालतो तोच शक. आणि चिन्ह होतं घुबड, मिनर्वा देवीचं. त्रिकोणातला डोळा त्यांचा नव्हेच.

संपली कशी, हेही सांगा. क्निगेने मेसन लोकांतून भराभर माणसं ओढली, त्यामुळे मंडळ वाढलं आणि वाढलं तसं फुटलं. वाइसहाउप्टशी भांडून १७८४ मध्ये क्निगे बाहेर पडला. त्याच वर्षी आणि पुन्हा १७८५ मध्ये बव्हेरियाच्या राजाने (इलेक्टर कार्ल थिओडोर) गुप्त मंडळ्यांवर बंदी घातली. १७८६ मध्ये त्स्वाकच्या घरी झडती झाली, कागद सापडले आणि १७८७ मध्ये सरकारनेच ते छापले. जगातल्या ‘सर्वात गुप्त’ संघटनेची पत्रं अशी अकरा वर्षांत बाजारात विकायला आली.

चिपळूणची_नथ

राज्यक्रांती १७८९ ची. मंडळ त्याआधीच मोडलं असेल तर हे दोन धागे जोडले कोणी?

बाणकोटकर

@चिपळूणची_नथ, दोघांनी, आणि दोघांचीही पुस्तकं १७९७ ची. एक ओग्युस्तँ बारुएल, फ्रेंच जेझुइट. दुसरा जॉन रॉबिसन, एडिनबरा विद्यापीठातला विज्ञानाचा प्राध्यापक.

बारुएलची बाजू समजून घ्या, म्हणजे साचा कुठे तयार झाला ते कळेल. १७७३ मध्ये पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केला. १७८९ मध्ये क्रांती झाली आणि चर्चची जमीन-मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. बारुएल लंडनला पळाला. खजिना रिकामा, करांचा बोजा गरिबावर, १७८८ ची गारपीट, बुडालेलं पीक, कडाडलेली पावाची किंमत, ही कारणं त्याला पुरेशी वाटेनात. हजार वर्षांचं राज्य आणि धर्मपीठ भुकेमुळे कोसळतं हे त्याच्या मनाला पटेना, म्हणून त्याने कर्ता शोधला. बव्हेरियातले छापील कागद हाताशी होतेच.

तिथून आजतागायत साचा तोच. समाज बदलला की ज्याला तो बदल सोसत नाही तो म्हणतो, हे लोकांनी केलेलं नाही, कोणीतरी लपून करवलं.

मालवणी_खाजा

मगे ह्यां चर्चवाल्यांनी सुरू केल्यानी, तर ता आमच्या देवळाच्या ग्रुपार कसा इला?

बाणकोटकर

साचा तोच ठेवून यादी बदलली की झालं. १७९७ मध्ये यादीत राजा आणि धर्मपीठ होतं. १८८४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी मेसनांविरुद्ध पत्र काढलं, त्यात तक्रार होती नोंदणी विवाहाची आणि धर्माविना शाळांची. मराठी ढकलपत्रात त्या जागी विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण आलं.

कुलाबा_भरती

फ्रीमेसनांबद्दल लिहितो, कारण ‘लॉज’ (मेसनांची शाखा) म्हटलं की लोक बिचकतात. उत्तरेत लॉजच्या इमारतींना ‘जादूघर’च म्हणायचे.

लंडनमधल्या चार लॉजांनी मिळून २४ जून १७१७ रोजी ग्रँड लॉज स्थापन केली. मूळ प्रतीकं गवंडीकामातली: गुण्या आणि कंपास. पायऱ्या तीन: शिकाऊ, कारागीर, उस्ताद. गुप्त काय, तर ओळखीचे हस्तांदोलन, परवलीचे शब्द आणि दीक्षाविधी. इमारत उघड, सभासद ‘मी मेसन आहे’ असं सांगू शकतो. मुंबईत फोर्टात त्यांचं सभागृह भर रस्त्यावर आहे. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ची.

ढकलपत्रातली गफलत अशी. सुरुवातीला मुंबईच्या गोऱ्या लॉजांनी हिंदी माणसाला दारात उभं केलं नाही. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाने पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली, आणि १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली. स्वामी विवेकानंदांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली होती, मोतीलाल नेहरूही मेसन. एकाच लॉजव्यवस्थेत इतकी वेगवेगळ्या दिशांची माणसं होती.

मुख्य मुद्दा विसरू नका. १७२३ च्या त्यांच्या घटनेतच लिहिलंय की सभासद पुरुषच हवा, आणि लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर भांडण आणायचं नाही. बायकांना दारातूनच परत पाठवणाऱ्या संस्थेने बायकांच्या शाळा काढल्या, हे जुळत नाही.

वसईची_घंटा

चर्चची बाजू अर्धवट सांगू नये म्हणून लिहितो. कॅथलिकांना मेसन होण्याची मनाई १७३८ पासून आहे, आजही आहे. १९८३ मध्ये रोमने ती पुन्हा स्पष्ट केली, नोव्हेंबर २०२३ मध्ये परत एकदा. तिच्यामागे धर्मशास्त्राची कारणं आहेत: गुप्त शपथ, आणि सगळे धर्म सारखेच ही भूमिका. ती मनाई एक गोष्ट, आणि ‘मेसन सैतान पूजतात’ ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट एका माणसाने रचली. लिओ ताक्सिल हे त्याचं टोपणनाव. आधी चर्चविरोधी चोपडी लिहिणारा हा माणूस १८८५ मध्ये ‘मी पुन्हा श्रद्धाळू झालो’ म्हणाला. मग बारा वर्षं पुस्तकांवर पुस्तकं: मेसनांच्या आत ‘पॅलेडियन’ नावाचा सैतानपूजक पंथ आहे, अमेरिकेतला मेसन पुढारी आल्बर्ट पाइक त्याचा गुरू आहे, डायना व्हॉन नावाची बाई त्यातून सुटून आली आहे. १८८७ मध्ये पोपनेही त्याला भेट दिली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये सभा भरवून, डायनाला व्यासपीठावर आणतो असं जाहीर करून, त्याने सांगितलं की हे सगळं मी रचलेलं होतं. पंथ नव्हता, त्या गोष्टीतली डायनाही नव्हती. सभा इतकी खवळली की त्याला पोलिसांच्या बंदोबस्तात बाहेर काढावं लागलं.

पाइकच्या तोंडी घातलेली सैतानपूजेची वाक्यं आजही मराठीत भाषांतरित होऊन फिरतात. ती ताक्सिलची आहेत. वसई-विरारच्या चर्च ग्रुपांवर हे कोणी टाकलं तर १९ एप्रिल १८९७ ही तारीख सांगा.

देवगड_हापूस

बारकोडचं मी घेतो, ते मोजून दाखवता येतं.

कोणत्याही बिस्किटपुड्यावरचा १३ अंकी बारकोड घ्या. भारतात नोंदवलेला असेल तर अंक ८९० ने सुरू होतात. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दोन-दोन बारीक रेघा जरा खाली उतरलेल्या दिसतात. ढकलपत्र म्हणतं, दोन बारीक रेघा म्हणजे ६, म्हणून ६-६-६.

आता मोजा. पूर्ण बारकोड ९५ घरांचा. काळं घर १, पांढरं ०. प्रत्येक अंकाला बरोबर ७ घरं. उजव्या अर्ध्या भागातला ६ म्हणजे १०१००००. कडेच्या खुणा मात्र ३ घरांच्या, १०१, आणि मधली ५ घरांची, ०१०१०. हिशोब: ३+४२+५+४२+३ = ९५. त्या खुणा मशीनला ‘इथून सुरू, इथे मध्य, इथे शेवट’ एवढंच सांगतात. सातच्या जागी तीन किंवा पाच घरं असलेली खूण कोणत्याच अंकाची होऊ शकत नाही. शिवाय डाव्या भागात ६ लिहायची एक पद्धत ०१०१११ १ अशी, म्हणजे एक बारीक आणि एक जाड रेघ, तो या खुणांसारखा दिसतही नाही.

देवगड_हापूस

वर ०१०११११ असं सलग वाचावं, मध्ये चुकून जागा पडली.

वसईची_घंटा

@देवगड_हापूस, फार छान. आणि ६६६ मुळात कुठला, तेही जोडा. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला अंक असतो. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव त्या लिपीत लिहून बेरीज केली की ५०+२००+६+५०+१००+६०+२०० = ६६६. शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिलं तर ५० कमी होऊन ६१६ येतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत आकडा खरोखरच ६१६ आहे. छळाच्या काळात सम्राटाचं नाव उघड घेता येत नव्हतं, म्हणून आकडा लिहिला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

कुलाबा_भरती

डॉलरचं थोडक्यात. अमेरिकेची राजमुद्रा २० जून १७८२ ची. डोळा ख्रिस्ती चित्रकलेतला, त्रिकोण म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा), आत सर्वसाक्षी ईश्वर. मेसनांच्या पुस्तकांत तो रुळला १७९७ नंतर. पिरॅमिडखालचं रोमन अंकांतलं १७७६ हे अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. नोटेवर ही बाजू छापली १९३५ पासून. ती छापायला मान्यता देणारे रूझवेल्ट स्वतः मेसन होते, हे खरं आहे आणि लपवू नका. पण तोवर मुद्रा १५३ वर्षांची झाली होती.

जंजिरा_दर्या

हेच चित्र मुस्लिम ग्रुपांवरही येतं, फक्त मजकूर वेगळा. हदीसमध्ये दज्जाल (शेवटच्या काळात येणारा खोटा मसीहा) एका डोळ्याने आंधळा सांगितलाय. त्रिकोणातला एक डोळा दाखवून ‘बघा, दज्जालचं राज्य येतंय’ असं लिहिलेलं असतं. एकच फोटो तीन धर्मांच्या ग्रुपांत तीन कथा घेऊन फिरतो. वाडीत सांगायचं तर तिन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. प्रत्येक धर्माच्या माणसाला वाटतं की कट फक्त आपल्याविरुद्ध आहे.

रत्नदुर्ग

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकते. ‘गुप्त कट नसतातच’ असा सूर लागतोय, तो चुकीचा आहे. अभिनव भारत गुप्तच होती. १९०९ मध्ये विलायतेतून २० ब्राउनिंग पिस्तुलं लपवून आणली गेली, २१ डिसेंबरला नाशकात कलेक्टर जॅक्सन मारला गेला. मारणारे अनंत कान्हेरे आपल्या खेड तालुक्यातले, आयनी-मेट्याचे. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी.

आणि मेसनांचंच म्हणाल तर इटलीची ‘पी-दोन’ लॉज बघा. १७ मार्च १९८१ ला तिचा प्रमुख लिचो जेल्ली याच्या जागांवर छापा पडला, ९६२ नावांची यादी मिळाली: मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तहेर खात्याचे प्रमुख. सरकार पडलं. मग लोकांनी संशय घेतला तर त्यांना वेड्यात का काढायचं?

बाणकोटकर

@रत्नदुर्ग, वेड्यात काढायचं नाहीच, आणि तुमची दोन्ही उदाहरणं वाडीत अवश्य सांगावीत. खरा कट कसा दिसतो ते त्यातूनच कळतं. अभिनव भारतचा हेतू एका वाक्यात सांगता येतो. माणसं मोजकी, पिस्तुलं मोजून २०. तरी काही महिन्यांत पोलिसांना साखळी सापडली, कारण माणूस पकडला की बोलतो, वस्तू माग सोडते. पी-दोनची यादी कागदावर होती. मेसनांच्या वरिष्ठ मंडळाने ती लॉज १९७६ मध्येच निलंबित केली होती, आणि १९८२ मध्ये इटलीने अशा गुप्त संघटनांवर कायदा केला.

ढकलपत्रातला कट अडीचशे वर्षं चालतो, लाखो माणसं लागतात, एकही फुटत नाही, एकही हिशोबाची वही सापडत नाही. पुरावा नाही म्हटलं की तेच ‘किती पक्के लपलेत बघा’ याचा पुरावा ठरतो. काय सापडलं तर तुम्ही हे खोटं मानाल, असं विचारा. खऱ्या तपासात याला उत्तर असतं.

रत्नदुर्ग

हा प्रश्न चांगला आहे. पटलं.

सावित्रीकाठ

आता मूळ मुद्द्याकडे, सामाजिक बदल ‘लपून’ आणल्याचा आरोप. आपल्या कोकणातच याचं उत्तर आहे.

महाडचं चवदार तळं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद, जाहीर आमंत्रणाने. २० तारखेला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं भर बाजारपेठेतून रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. यातली एकही गोष्ट अंधारात झालेली नाही. ठराव आहेत, तारखा आहेत.

अंधारात काय झालं? दोनेक तासांत गावात हूल उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. असं काही ठरलेलंच नव्हतं. तरी जमाव मंडपात शिरला, जेवणारी माणसं मारली, अन्न मातीत मिसळलं. पुढे १०८ घागरी पंचगव्याने तळं ‘शुद्ध’ केलं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद, कोर्टाचा मनाईहुकूम, दहा वर्षं दावा. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने हक्क मान्य केला.

म्हणजे बदल करणाऱ्यांनी नाव-गाव-तारीख देऊन केला. ‘आतून काहीतरी वेगळंच शिजतंय’ ही कुजबूज होती बदल थांबवणाऱ्यांकडे.

घाटमाथा

@सावित्रीकाठ, थोडा विरोध. अफवेला एवढं मोठं करू नका. लोकांना पाणी पिणंच सहन झालं नव्हतं, देवळाची हूल हे निमित्त. अफवा नसती तर दुसरं काही काढलं असतं.

सावित्रीकाठ

मान्य. राग आधीपासून होता. पण राग असलेले सगळे काठी घेऊन बाहेर पडत नाहीत. ‘पाणी प्याले’ म्हणून जो घरात बसून राहिला असता तो ‘देऊळ बाटवणार’ म्हटल्यावर बाहेर पडला. ढकलपत्र तेच काम करतं. ‘शेजारच्या मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं’ यावर माणूस नाराज होतो, पण ‘हा जागतिक कटाचा भाग’ म्हटलं की ती मुलगी शत्रूची हस्तक ठरते. त्या मुलीचा विचार करून मी हे लिहितोय.

श्रीवर्धनी_सुपारी

विधवाविवाहाचंही तसंच उघड. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ ला विधवेशी लग्न केलं. त्यांचं गाव मुरुड, दापोली तालुक्यातलं. गावाने सभा घेऊन बहिष्कार घातला, आईलासुद्धा मुलाला घरात घेता येईना. त्यांचे पुत्र रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत मासिक चालवलं, दर अंकावर स्वतःचं नाव छापून. खटले अंगावर घेतले, नोकरी गेली. या माणसांच्या कष्टाचं श्रेय बव्हेरियातल्या मोडलेल्या मंडळाला देणं हा त्यांचा अपमान आहे.

मालवणी_खाजा

ह्यां खरां. गावऱ्हाटीत कौल लावतत तोसुद्धा बारा-पाचाच्या मानकऱ्यांच्या समोर. लपान काय नाय.

आडिवरे_घंटानाद

थोडं विषयांतर, पण उपयोगी. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगात ‘मोमियाई’ची अफवा होती: दवाखान्यात माणसाला उलटं टांगून त्याची चरबी काढतात. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर हल्ला केला. हजारो लोक बोटीने कोकणात पळाले. अफवा खोटी होती, पण ती ज्या जमिनीत रुजली ती खरी होती: घरझडत्या, जबरदस्तीने विलगीकरण, बायाबापड्यांची तपासणी. ज्याला ढकलपत्र पटतं त्याला आधी विचारा, नेमकं काय दुखतंय? मुलगा शहरात गेला, जमीन विकली गेली, देवळाचे मान मोडले, असं काहीतरी निघतं. त्याच्याशी बोलल्याशिवाय बारकोडची घरं मोजून फार उपयोग नाही.

देवगड_हापूस

दोन्ही लागतं. पण क्रम तुमचा बरोबर आहे, आधी ऐकून घ्यावं.

रेवदंडा_जेटी

ढकलपत्राच्या शेवटच्या ओळींबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि सगळ्यात विषारी भाग तोच. ज्यू घराण्यांची यादी येते ती ‘प्रोटोकॉल्स’ नावाच्या, ज्यू जग ताब्यात घ्यायचा कट करतायत असं सांगणाऱ्या बनावट दस्तऐवजाच्या वंशातून. १९०३ मध्ये रशियातल्या वर्तमानपत्रात तो पहिल्यांदा छापला. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने परिच्छेद शेजारी-शेजारी छापून दाखवलं की तो मॉरिस जोली या फ्रेंच वकिलाच्या १८६४ च्या पुस्तकातून चोरलाय. जोलीचा रोख नेपोलियन तिसऱ्यावर होता, ज्यूंचा त्यात संबंधच नव्हता. हेन्री फोर्डच्या वर्तमानपत्राने त्यावर लेखमाला चालवली, १९२७ मध्ये फोर्डने माफी मागितली. हिटलरने तो कधीच सोडला नाही.

आपल्याकडे बेने इस्रायल आहेत. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी परंपरा आहे. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. मराठी बोलणारे, पुरणपोळी करणारे. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं सिनेगॉग आजही उभं आहे. ढकलपत्रातला ‘ज्यू’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी राहिलेला तेली. वाडीत हे सांगितलंच पाहिजे.

चिपळूणची_नथ

ग्रुपवर उत्तर कसं द्यायचं, त्याच्या काही गोष्टी. पहिलं उत्तर पाठवणाऱ्याला खाजगीत, चारचौघांत नको; तोंडघशी पडला की माणूस हट्टाला पेटतो. मूळ चित्र पुन्हा टाकू नका, तुमच्या हातूनच आणखी पसरतं. दहा दावे एकदम खोडू नका, एकच घ्या, मोजून दाखवता येईल असा. बारकोड उत्तम, पुडा घरात असतो. चित्र गूगल लेन्सला दिलं की आधी कुठे आणि कोणत्या मजकुरासह फिरलं ते दिसतं. संदेशावर दोन बाण असतील तर तो हातोहात फिरून आलाय, पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही. त्याला तसंच सांगा: ‘हे तुमचं नाही हे मला माहीत आहे.’ त्याने बोलणं सोपं होतं.

दाभोळखाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. एका पानाचं पत्रक करतोय. वर बारकोड मोठा काढून घरांचे आकडे, मुलांकडून मोजून घ्यायचे. मग ‘इल्युमिनाटी: स्थापना १७७६, बंदी १७८६’. मग महाडच्या तारखा, मुरुडचे कर्वे, शेवटी नवगाव. ताक्सिल तोंडी सांगेन.

बाणकोटकर

बंदी १७८४ आणि १७८५ अशी दोनदा. १७८६ ही झडती. दुरुस्त करा, एक साल चुकलं तर तेवढंच धरून बसतील.

सावित्रीकाठ

आणि महाडमध्ये दोन्ही ठराव वेगळे लिहा. १९२३ विधिमंडळाचा, १९२४ नगरपालिकेचा. लोक नेहमी एकच समजतात.